पांजरपोळांतील दाटी : तिचें मूळ, जुनी व्यवस्था आणि समाजाचें कर्तव्य

पांजरपोळ हा शब्द मराठींत इतका रुळला आहे कीं, तो कोठून आला याचा विचार सहसा कोणी करीत नाहीं. निरुपयोगी माणसांनीं भरलेल्या कचेरीला आपण थट्टेनें पांजरपोळ म्हणतों, आणि त्या थट्टेंतच या संस्थेची आजची स्थिति अर्धी सांगून टाकतों. शब्दाचे अवयव दोन आहेत. 'पंजर' अथवा 'पिंजरा' हा पहिला अवयव उघड आहे. दुसऱ्या 'पोळ' या अवयवाविषयीं मात्र मराठी वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. कारण मराठींत पोळ म्हणजे देवाच्या नांवानें अंगावर डाग देऊन मोकळा सोडलेला वळू. संस्थेच्या नांवांतील पोळ तो नव्हे. तो गुजराती पोळ असून, वेशीच्या दारानें बंद होणारी गल्ली किंवा मोहल्ला असा त्याचा अर्थ आहे. संस्कृत 'प्रतोली' हें त्याचें मूळ. तेव्हां पांजरपोळ म्हणजे जनावरांसाठीं राखलेली, दार असलेली वस्ती. वाचकांनीं हें दार ध्यानांत ठेवावें. कारण अशा आश्रयस्थानांत जनावरांची जी दाटी होते तिचें मूळ या दाराच्या व्यवहारांत आहे, असें दाखविण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

१. तीन संस्था, तीन हेतु

कोंडवाडा, गोशाळा आणि पांजरपोळ या तीन संस्थांची बोलण्यांत सरमिसळ होते. वास्तविक त्यांचे हेतु भिन्न आहेत. कोंडवाडा हा दंडाचा भाग आहे. दुसऱ्याच्या पिकांत शिरलेलें गुरूं तेथें कोंडावयाचें, मालकानें दंड व खावटी भरून तें सोडवावयाचें, आणि मुदतींत कोणी न आल्यास त्याचा लिलाव करावयाचा, अशी व्यवस्था इ. स. १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयींच्या कायद्यानें घालून दिली. म्हणजे कोंडवाड्यांत आलेलें गुरूं या ना त्या वाटेनें बाहेर पडतें. गोशाळेचा हेतु गोपालनाचा. तेथें दूध निघतें, वासरें होतात आणि कळपाची कांहीं कमाई असते. पांजरपोळाचा हेतु या दोहोंहून वेगळा आहे. लंगडें, आंधळें, म्हातारें, भाकड, ज्याचा कोणाला उपयोग नाहीं असें जनावर मरेपर्यंत सांभाळणें, हें तिचें व्रत. त्यामुळें तिला आंत येण्याचें दार आहे. बाहेर जाण्याचें दार बहुधा मृत्यूचें.

२. जुने उल्लेख

पशूंवरील उपचारांचा आपल्याकडील प्राचीन उल्लेख अशोकाच्या दुसऱ्या शिलालेखांत आहे. गिरनारच्या पाषाणावर तो आजहि वाचतां येतो. मनुष्यांची चिकित्सा व पशूंची चिकित्सा अशी दोन प्रकारची चिकित्सा सुरू केली. जेथें औषधी वनस्पति नव्हत्या तेथें त्या आणवून लावल्या. वाटांवर विहिरी खणविल्या व झाडें लाविलीं, असा त्याचा आशय आहे. या लेखावरून पशूंचीं रुग्णालयें तेव्हांपासून होतीं असें कित्येकदां सांगण्यांत येतें. परंतु लेखांत घराचा किंवा शाळेचा उल्लेख नाहीं. औषध व पाणी गांवोगांवीं नेल्याचा उल्लेख आहे.

जनावरांसाठीं बांधलेल्या घरांचीं स्पष्ट वर्णनें गुजराथेंतून मिळतात, आणि तीं परदेशी प्रवाशांचीं आहेत. सोळाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत हिंदुस्थानांत आलेल्या राल्फ फिच या इंग्रज व्यापाऱ्यानें खंबायतेस कुत्रीं, मांजरें व पक्षी यांचीं रुग्णालयें असल्याचें लिहिलें आहे. इ. स. १६२३ मध्यें पिएत्रो देल्ला व्हाल्ले हा इटालियन प्रवासी त्याच शहरीं आला. त्याचें वर्णन अधिक सूक्ष्म आहे. पक्ष्यांच्या रुग्णालयांत त्यानें आईवेगळीं झालेलीं उंदराचीं पिलें कापसांत ठेवलेलीं पाहिलीं. डोळ्यांवर चष्मा लावलेला एक वृद्ध गृहस्थ पक्ष्याच्या पिसानें त्यांना दूध पाजीत होता. याच वर्णनांत एक वाक्य असें आहे कीं, ज्याकडे अभ्यासकांचें लक्ष फारसें जात नाहीं. त्याचा भावार्थ असा : बरा झालेला पक्षी रानटी जातीचा असेल तर त्याला सोडून देत, पाळीव जातीचा असेल तर एखाद्या भाविक गृहस्थास देत, आणि तो त्याला आपल्या घरीं ठेवी. अर्थात् चारशें वर्षांपूर्वींच्या या घराला बाहेर जाण्याचेंहि दार होतें, आणि तें गांवांतील घरांत उघडत होतें.

पुढील वर्णनांत हें दुसरें दार दिसत नाहीं. सुरतेच्या रुग्णालयाविषयीं इ. स. १८३४ मध्यें लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकांत अलेक्झांडर बर्न्स यानें टिपण प्रसिद्ध केलें. त्यांत पाऊणशें वर्षें तेथें राहिलेल्या एका कासवाचा उल्लेख आहे. भडोचच्या रुग्णालयास बिशप हेबर यानें इ. स. १८२५ मध्यें भेट दिली. जमिनीचें उत्पन्न असूनहि त्या जागेची आबाळ झालेली त्यानें पाहिली. हे लेखक परधर्मी व परके होते, त्यांच्या टीकेंत पूर्वग्रह होता, हें मान्य करूनहि एक गोष्ट उरते. दानाचा अभाव हें भडोचच्या दुरवस्थेचें कारण नव्हतें. उत्पन्न असतांनाहि जनावरांचे हाल होऊं शकतात.

३. मुंबईचें उदाहरण

मुंबईच्या पांजरपोळाची हकीकत या दृष्टीनें पाहण्यासारखी आहे. शहरांतील बेवारशी कुत्रीं ठराविक ऋतूंत मारण्याचा नियम इ. स. १८१३ पासून होता. इ. स. १८३२ सालीं ही मुदत वाढविण्यांत आली, आणि मारलेल्या प्रत्येक कुत्र्यामागें आठ आणे मिळत असल्यामुळें शिपाई घरांच्या आसपासचीं, पाळलेलीं कुत्रींहि मारूं लागले. पारशी धर्मांत कुत्र्याला विशेष स्थान आहे. ता. ६ जून रोजीं कोटांतील पारशी मंडळी खवळून उठली. दुसऱ्या दिवशीं हिंदु व जैन व्यापारीहि त्यांना मिळाले, दुकानें बंद झालीं आणि लष्कराची रसद अडली. दंगा मोडला, पुढाऱ्यांनीं सरकारकडे अर्ज केले, आणि कुत्रीं मारण्याऐवजीं अन्यत्र नेण्याचा मार्ग पुढें आला. पण अन्यत्र म्हणजे कोठें, हा प्रश्न राहिलाच. त्याचें उत्तर म्हणून इ. स. १८३४ मध्यें जमशेटजी जिजीभाई व मोतीशा शेठ यांच्या पुढाकारानें भुलेश्वरनजीक मुंबईचें पांजरपोळ स्थापन झालें. एक पारशी आणि एक जैन अशा दोन गृहस्थांनीं मिळून घातलेला हा पाया होता.

संस्थेचा खर्च कसा चालला हेंहि ध्यानांत घेण्यासारखें आहे. व्यापाऱ्यांनीं कापूस, साखर इत्यादि मालाच्या उलाढालीवर आपण होऊन एक लहानसा लागा बसवून घेतला. हा सरकारी कर नव्हे; पेढीपेढीनें मान्य केलेला धर्मादाय. गांठ प्रत्येकाची थोडी सुटे, पण रोज सुटे. ज्या संस्थेचा खर्च रोजचा, तिचें उत्पन्नहि रोजचें असावें, ही व्यापारी माणसाची समज त्यामागें होती. शहर वाढलें, भुलेश्वरची जागा अपुरी पडली, तेव्हां संस्थेनें चेंबूर, कल्याणजवळील रायते इत्यादि ठिकाणीं शाखा काढल्या. दाटीवरचा हा पहिला आणि स्वाभाविक उपाय : जागा वाढविणें. तो पुरेसा कां होत नाहीं, हें आतां पाहूं.

४. दाटीचें गणित

हें गणित त्रैराशिकाइतकें सोपें आहे. एखाद्या पांजरपोळांत दरमहा दहा जनावरें येतात असें धरूं. तीं सरासरीनें पांच वर्षें, म्हणजे साठ महिने तेथें राहतात असें धरूं. दहा गुणिलें साठ म्हणजे सहाशें. आज तेथें कितीहि जनावरें असोत, आवक व मुक्काम बदलला नाहीं तर कालांतरानें संख्या सहाशेंवर जाऊन ठरते. जागा दोनशेंची असेल तर ती सुमारें दोन वर्षांत भरते. गोठे बांधून ती चारशेंची केली तर आणखी कांहीं काळ मिळतो. गणिताचें उत्तर बदलत नाहीं. उत्तर बदलावयाचें तर दोनच संख्या हातीं आहेत : येणारीं जनावरें आणि त्यांच्या मुक्कामाचा काळ. दहांच्या ऐवजीं चार येऊं लागलीं तर सहाशेंचे दोनशें चाळीस होतात. आलेल्यांपैकीं निम्मीं जनावरें थोड्याच दिवसांत चांगल्या घरीं गेलीं तर सहाशेंचे सुमारें तीनशें होतात. हे दोन्ही उपाय पांजरपोळाच्या भिंतीबाहेर, समाजांत घडावयाचे आहेत.

आतां सहाशें जनावरांना लागतें काय तें पहा. तीनशें साडेतीनशें किलो वजनाच्या देशी गाईला दिवसाला सुमारें सहा ते आठ किलो सुका चारा लागतो. सरासरी सात किलो धरले तरी रोजचा चारा ४,२०० किलो, आणि वर्षाचा १,५०० टनांहून अधिक. पाणी दर जनावरास ४० लिटर धरलें तर रोज २४,००० लिटर. दुष्काळाच्या सालीं कडबा महागतो, आणि त्याच सालीं शेतकरी जनावरें अधिक संख्येनें सोडतो. म्हणजे उत्पन्न आटतें तेव्हांच आवक वाढते. दाटी झाली कीं गव्हाणीपाशीं बलवान् जनावर दुबळ्याला हुसकून लावतें. ज्या लंगड्या म्हाताऱ्या गाईसाठीं संस्था काढली तिलाच चारा मिळत नाहीं. लाळ्या-खुरकुतासारखे सांथीचे रोग एका दावणीवरून दुसरीवर जातात. इ. स. २०२२ मध्यें लम्पी चर्मरोगाची सांथ महाराष्ट्रांत आली तेव्हां रोगी जनावर वेगळें बांधण्यास जागा असणें म्हणजे काय, हें पशुपालकांना चांगलेंच कळलें. एकेकाळीं मरणापासून वाचविलेलें जनावर अशा दाटींत हळूहळू मरतें. व्यवस्थापकाला तें दिसतें आणि तो दार लावूं शकत नाहीं, कारण दार लावणें हें व्रतभंगासारखें वाटतें.

५. आजचीं कारणें

इ. स. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेंत देशभरांत मोकाट गुरें सुमारें ५० लाख आणि भटकीं कुत्रीं सुमारें १ कोटी ५३ लाख आढळलीं. गुरांच्या बाबतींत मुख्य कारण शेतीच्या पालटांत आहे. ट्रॅक्टर आल्यावर बैलाचें काम घटलें. संकरित गाईचें दूध हवें असतें, तिचा गोऱ्हा नको असतो. भाकड गाय पोसणें लहान शेतकऱ्यास जड जातें. गायरानें कमी झालीं. त्यांत कायद्याची बाजू आहे. महाराष्ट्रांत गाईच्या कत्तलीस इ. स. १९७६ च्या कायद्यानें बंदी होती, इ. स. २०१५ मध्यें अमलांत आलेल्या दुरुस्तीनें ती बैल व वळू यांनाहि लागू झाली. या कायद्याचे गुणदोष हा प्रस्तुत लेखाचा विषय नव्हे. परंतु न मारण्याचा निश्चय केल्यावर त्या जनावराच्या उरलेल्या आयुष्याच्या चाऱ्याचा भार कोणी तरी उचलावयाचा असतो, एवढें गणित त्यांतून निघतें. इ. स. २०२४ मध्यें राज्य सरकारनें गोशाळांतील देशी गाईंसाठीं दर गाईस दररोज ५० रुपये अनुदान देण्याचा निर्णय घेतला. तो उपकारक आहे. पण साहाय्य जर गाय घराबाहेर पडल्यावरच मिळूं लागलें, तर तिला घरीं ठेवणाऱ्याच्या पदरीं कांहींच पडत नाहीं, हेंहि दिसतें.

कुत्र्यांचा प्रश्न १८३२ सालीं होता तसाच पुन्हां उभा राहिला आहे. इ. स. २००१ च्या नियमांनीं, व त्यांच्या जागीं आलेल्या इ. स. २०२३ च्या नियमांनीं, भटक्या कुत्र्याची नसबंदी करावी, पिसाळीची लस टोचावी आणि त्याला जेथून आणलें तेथेंच सोडावें असें ठरविलें. इ. स. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायाधीशांच्या पीठानें दिल्ली व आसपासचीं भटकीं कुत्रीं उचलून आश्रयस्थानांत ठेवण्याचा आदेश दिला. अकराच दिवसांनीं तीन न्यायाधीशांच्या पीठानें तो बदलून, पिसाळलेलीं व हिंस्र कुत्रीं वगळतां बाकीचीं नसबंदी व लसीनंतर पूर्वस्थळीं सोडावीं असें सांगितलें. नोव्हेंबरांत शाळा, रुग्णालयें इत्यादि आवारांपुरता निराळा आदेश निघाला. इतक्या कुत्र्यांना ठेवावयाचें कोठें, या प्रश्नावर जो वाद त्या दिवसांत झाला, तो मुंबईच्या कोटांतील पारशी व शेठिये यांनाहि नवा वाटला नसता.

६. कौटिल्याची वांटणी

दाटीचा जुना उपाय कौटिलीय अर्थशास्त्रांत दुसऱ्या अधिकरणाच्या गोऽध्यक्ष नामक प्रकरणांत आढळतो. राजाच्या गुरांचे कळप निरनिराळ्या रीतींनीं सांभाळावयास द्यावेत असें तेथें म्हटलें आहे. त्यांतील दोन रीति आपल्या कामाच्या आहेत.

पहिली 'करप्रतिकर' नांवाची. एका माणसानें शंभर गुरें सांभाळावयाचीं. परंतु तीं शंभर कशीं? 'जरद्गु' म्हणजे म्हातारी गाय, 'धेनु' म्हणजे दुभती, 'गर्भिणी' म्हणजे गाभण, 'पष्ठौही' म्हणजे पहिलारू कालवड, आणि 'वत्सतरी' म्हणजे लहान कालवड. या पांचांचे समान भाग. म्हणजे शंभरांत म्हाताऱ्या गाई वीसच. बाकीच्या ऐंशींच्या बळावर त्या वीस जगतात. गवळ्यानें वर्षाला तुपाचे आठ वारक, दर शेपटीमागें एक पण, आणि मेलेल्या गुराचें डाग असलेलें कातडें आणून द्यावयाचें. हें कातडें हिशेबाचा पुरावा आहे; जनावर मेलें कीं विकलें, याचा निवाडा त्यावरून होई.

दुसरी रीत 'भग्नोत्सृष्टक'. नांवांतच अर्थ आहे : मोडलेलें व सोडलेलें. रोगी, व्यंग असलेलीं, एकाच माणसाला धार काढूं देणारीं, धार काढण्यास कठीण, आणि आपलें वासरूं मारणारीं. अशा गुरांचेहि समान भाग करून शंभरांचा कळप सोंपवावयाचा. येथें ठराविक तूप मागितलेलें नाहीं. अशा कळपांतून जें निघेल त्याच्या मानानें भाग घ्यावयाचा. ज्याच्यावर भार अधिक त्याजकडून मागणी कमी, असा हा न्याय आहे. शिवाय प्रत्येक गुराचा डाग, अंगावरील खूण, रंग व शिंगांतील अंतर यांची नोंद ठेवावी असें अध्यक्षाला सांगितलें आहे. आज कानांत बिल्ला मारून त्यावर जो बारा आंकडी क्रमांक घालतात, त्याचें हें पूर्वरूप म्हणावयास हरकत नाहीं.

या व्यवस्थेंत करुणेचा उच्चार फारसा नाहीं. राजाच्या तिजोरीचा विचार आहे. तरी तिचा परिणाम जनावरास हितकर आहे. दुबळ्या जनावरांचा एकच ढीग होऊं द्यावयाचा नाहीं, त्यांचा भार पुष्कळ कळपांवर वांटून टाकावयाचा, हें तिचें सूत्र. मोठ्या शहरांतील पांजरपोळाची रचना याच्या अगदीं उलट आहे : तेथें शंभरांत शंभर 'जरद्गु' असतात.

अलीकडच्या काळांतील एक उदाहरणहि हेंच सांगतें. इ. स. २०१९ च्या दुष्काळांत बीड, अहमदनगर, सोलापूर इत्यादि जिल्ह्यांत चारा-छावण्या उघडल्या. तेथें हजारों गुरें दाटीनें राहिलीं, छावणीचालकांच्या हिशेबांविषयीं तक्रारीहि झाल्या. तथापि पाऊस पडल्यावर छावण्या उठल्या आणि गुरें आपापल्या गोठ्यांत गेलीं. कारण प्रत्येक गुराबरोबर त्याचा मालक छावणींत होता. त्याचें दावें सुटलेलें नव्हतें.

७. समाजाचें कर्तव्य

वरील विवेचनावरून जें निघतें तें क्रमानें मांडतों.

पहिलें, गोठ्यांतील जनावर गोठ्यांतच राहील असें साहाय्य करावें. टंचाईच्या महिन्यांत गांवच्या चार सुखवस्तु घरांनीं वा देवस्थानानें भाकड गाईसाठीं कडब्याच्या पेंढ्या दिल्या, तर ती पांजरपोळाच्या दारापर्यंत जातच नाहीं. एका गाईला घरीं ठेवण्यास जें लागतें त्यांत गोठा, राखणदार व वाहतूक यांचा खर्च नसतो. म्हणून तोच पैसा अधिक पुरतो.

दुसरें, बाहेरचें दार उघडावें. बऱ्या झालेल्या, चालत्याफिरत्या जनावरांना खात्रीच्या घरीं एकेक दोनदोन करून द्यावें, आणि वर्षांतून एकदां जाऊन तीं पहावीं. ज्याच्या गोठ्यांत चार गुरें आहेत त्याला पांचवें फारसें जड नाहीं. ज्याच्याकडे चारशें आहेत त्याला चारशें एकावें जड आहे. कुत्र्यामांजरांच्या बाबतींत हें अधिकच खरें. विकतचें पिलूं आणण्यापूर्वीं आश्रयस्थानांतील एक घरीं आणणें, किंवा आजारी जनावर बरें होईपर्यंत कांहीं आठवडे आपल्या घरीं ठेवणें, हें देल्ला व्हाल्लेनें वर्णिलेल्या भाविक गृहस्थाचेंच काम आहे.

तिसरें, निष्काळजी पैदास थांबवावी. कुत्री सुमारें त्रेसष्ट दिवसांत वितें आणि वर्षांत दोनदां विऊं शकतें; एका वेताला चारपांच पिलें सहज होतात. वस्तीनें मिळून आपल्या गल्लींतील कुत्र्यांची नसबंदी व लस करवून घेतली, खाणें ठराविक जागीं घातलें आणि उकिरडे झांकले, तर आश्रयस्थानाचा अर्धा भार हलका होतो. वळू मोकळे सोडण्याची जुनी रीत त्या काळच्या कळपांना वळूची गरज होती तेव्हां योग्य होती. आज तो वळू बाजारपेठेंत उकिरड्यावर प्लॅस्टिक खात हिंडतो. धर्मकृत्य करणाऱ्यानें त्याच्या आमरण चाऱ्याचाहि संकल्प त्याच वेळीं सोडावा.

चौथें, दान नियमित असावें. वाढदिवशीं वा अमावास्येला गाडीभर हिरवा चारा एकदम टाकला तर जनावरांचीं पोटें फुगतात आणि दुसऱ्या दिवशीं गव्हाण रिकामी असते. मुंबईच्या व्यापाऱ्यांच्या लाग्याप्रमाणें दरमहा ठरलेली लहान रक्कम अधिक उपयोगाची.

पांचवें, संस्थेनें आपली मर्यादा जाहीर करावी व हिशेब उघडा ठेवावा. किती आलीं, किती मेलीं, किती घरीं गेलीं, चारा किती दिवसांचा आहे, हे चार आंकडे दारावर लिहिले म्हणजे गांवाला स्थिति कळते. इ. स. १९२६ मध्यें अहमदाबादेंत एका गिरणीमालकानें साठ भटकीं कुत्रीं मारविलीं, तेव्हां 'यंग इंडिया'मध्यें गांधीजींनीं लेखमाला लिहिली. बेवारशी कुत्रीं असणें हाच समाजाचा दोष आहे, आणि त्यांची जबाबदारी न घेतां दारीं तुकडा टाकणें ही दया नव्हे, असा त्यांचा रोख होता. त्यावर कडाडून टीका झाली. मारण्याविषयींचें त्यांचें मत ज्यांना पटत नाहीं, त्यांनाहि जबाबदारीविषयींचें मत नाकारतां येत नाहीं. पांजरपोळांना दुग्धालय व चर्मालय जोडावें असेंहि ते सांगत. मेलेल्या गुराच्या कातड्याचें उत्पन्न जिवंत गुराच्या चाऱ्याकडे यावें, हा हेतु. कौटिल्याच्या कातड्याची येथें आठवण होते.

८. संग्राहकांस विनंति

या नियतकालिकाचे वाचक बहुतेक जुन्या कागदांचे अभ्यासक व संग्राहक आहेत. त्यांना वाटेल कीं, चारा व गोठे हा आपला विषय नव्हे. तसें नाहीं. मुंबई, पुणें, नाशिकची पंचवटी व अन्य गांवांतील पांजरपोळें शतकाहून अधिक जुनीं आहेत. अशा संस्थांचीं दप्तरें म्हणजे रोजमेळ, खतावण्या, लाग्याच्या पावत्या, जमिनीच्या सनदा व भाडेपट्टे. लग्नाच्या याद्या आणि वतनाचे कागद आपण जपतों. चाऱ्याच्या हिशेबाची वही रद्दींत जाते. पण कोणत्या सालीं किती गुरें आलीं, कडबा काय भावानें घेतला, कोणत्या पेढीनें लागा बंद केला, दुष्काळांत किती मेलीं, हें त्या वहीशिवाय अन्यत्र कोठेंहि मिळणार नाहीं. आपल्या पूर्वजांनीं दाटी कशी निभावली आणि कोठें ते हरले, हें कळल्यास आजच्या व्यवस्थापकास त्याचा प्रत्यक्ष उपयोग आहे.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. आपल्या गांवच्या पांजरपोळाच्या विश्वस्तांस भेटून जुन्या वह्या पहाव्या, मोडी व गुजराती वाचणाऱ्यांनीं त्यांची यादी करावी, आणि शक्य तर छायाप्रति काढून मूळ वह्या संस्थेकडेच सुरक्षित ठेवाव्या. आणि ज्या दिवशीं वह्या पाहण्यास जाल, त्या दिवशीं गोठ्यांतहि एक फेरी घालून आजचे चार आंकडे विचारून घ्यावे. कौटिल्याच्या ग्रंथाची पोथी तंजावर जिल्ह्यांतील एका पंडितानें म्हैसूरच्या ग्रंथालयास दिली, आणि शामशास्त्री यांनीं इ. स. १९०९ मध्यें ती छापली. त्यापूर्वीं जरद्गूंच्या वांटणीचा हा विचार विद्वानांनाहि ठाऊक नव्हता. पोथी जपणाऱ्याच्या हातून असें काम होतें. शंभरांत वीस हें प्रमाण एखाद्या गांवानें पुन्हां अमलांत आणून पाहिलें, तर त्या गांवच्या पांजरपोळांत कोपऱ्यांतल्या लंगड्या गाईला गव्हाणीपर्यंत पोंचण्यास वाट मिळेल.